गावातलं मैदान वाचवायचंय? आधी नगरपरिषदेचा अजेंडा वाचायला शिका

मैदानावर जेसीबी आला की आपण जागे होतो. मग सगळे धावतात, व्हॉट्सॲपवर फोटो पडतात, दोन दिवस गलका होतो आणि तिसऱ्या दिवशी कळतं की ठराव आठ महिन्यांपूर्वीच झालाय, हरकती घ्यायचा महिना कधीच संपलाय आणि ठेकेदाराला वर्क ऑर्डरपण मिळालीय. आमच्या तालुक्याच्या गावात एक मैदान असंच गेलं, आता तिथं व्यापारी संकुल आहे आणि त्यातले निम्मे गाळे अजून बंदच आहेत. दुसरं मैदान मात्र आम्ही वाचवलं, आणि दोन्ही वेळेला माणसं जवळपास तीच होती, फक्त दुसऱ्या वेळेला आम्ही अजेंडा निघाला त्या दिवशीच नगरपरिषदेत हजर होतो. तेव्हा जे काय शिकलो ते इथं सविस्तर लिहितोय, कारण असे मेसेज दर महिन्याला कोणी ना कोणी करतंच की दादा आमच्याकडं असं चाललंय, काय करू.

पहिली गोष्ट, जागा कागदावर काय आहे ते शोधा. "आम्ही लहानपणापासून इथं खेळतोय" हे खरं असलं तरी तेवढ्यावर काही होत नाही. जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा, सातबारा महाभूलेखवर बघायला मिळतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये लागतात, गावठाणातली जागा असेल तर प्रॉपर्टी कार्ड. मग नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन त्या नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, रीतसर अर्ज करून, फी भरून. भाग नकाशा म्हणजे डीपीचा, विकास आराखड्याचा, तुमच्या जागेपुरता तुकडा. त्यावर आरक्षण आहे का, असेल तर क्रीडांगण का बगीचा का आणखी काही, आणि आरक्षणाचा साईट नंबर काय, हे सगळं तिथं दिसतं. तो साईट नंबर पाठ करून ठेवा कारण अजेंड्यात मैदानाचं नाव कधीच येत नाही. तिथं लिहिलेलं असतं "मंजूर विकास योजनेतील आरक्षण क्र. अमुक बाबत विचारविनिमय करणे". आमचं पहिलं मैदान अशाच एका ओळीत गेलं, आणि ती ओळ आमच्यातल्या दोघांनी वाचली होती पण कशाबद्दल आहे तेच कळलं नव्हतं!

कागद हातात आले की जागा साधारण चारपैकी कुठल्या तरी एका प्रकारात बसते. नगरपरिषदेच्या स्वतःच्या मालकीची, खाजगी मालकाची पण डीपीत आरक्षण पडलेली, लेआऊटमधली ओपन स्पेस, नाहीतर सरकारी जमीन. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, त्यामुळं हे ठरल्याशिवाय निवेदनं द्यायला सुरुवात करू नका.

आता अजेंडा. नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या कायद्यावर चालतात, त्यात सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी काढावी लागते. म्हणजे तुमच्या हातात फार तर एक आठवडा असतो, विशेष सभा असेल तर तेवढाही नाही. आमच्याकडं विषयपत्रिका नगरपरिषदेच्या जिन्याखाली काचेच्या फळ्यावर लावतात, किल्ली शिपायाकडं असते, आणि काचेवर इतकी धूळ की मोबाईलची टॉर्च लावून वाचावं लागायचं. आम्ही एका रिटायर गुरुजींना विनंती केली, ते रोज सकाळी फिरून येताना त्या फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. दीड वर्ष झालं, एक दिवस चुकलेला नाही. असा एक माणूस शोधा. याशिवाय ज्या नगरसेवकाशी बरं आहे त्याला सांगून ठेवा की अजेंडा घरी आला की पीडीएफ पाठवा, त्यांना तो मिळतोच.

वाचताना जमिनीशी संबंधित शब्दांवर नजर ठेवा. "फेरबदल", "कलम ३७", "कलम १२७" (या दोन कलमांचं पुढं सांगतो), "भाडेपट्टा", "बीओटी" (म्हणजे खाजगी ठेकेदारानं बांधायचं, काही वर्षं चालवायचं आणि मग परत द्यायचं), "आरक्षण वगळणे", "वापरात बदल", "नाहरकत". यातलं काहीही दिसलं की साईट नंबर जुळवून बघा. आणि सगळ्यात शेवटची ओळ, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". यातून जमिनीचे विषय सरकवल्याचं मी स्वतः बघितलंय, म्हणून अजेंड्यात काही नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सभेनंतर इतिवृत्त मागवाच. ऐनवेळच्या विषयात मैदानाचा विषय घेतलेला दिसला तर त्याच आठवड्यात मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी दोघांकडं लेखी हरकत टाका की एवढा महत्त्वाचा विषय नोटीस न देता घेतला.

सभेला जाऊन बसता येतं हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. सभा नागरिकांना खुली असते, पीठासीन अधिकाऱ्यांनी एखाद्या विषयापुरती बंद दाराआड घ्यायची ठरवली तर गोष्ट वेगळी. तुम्हाला बोलायचा अधिकार नाही, मधे ओरडलात तर बाहेर काढतील, आणि काढलं तर तक्रार करायला जागा राहत नाही म्हणून मुकाट्यानं बसा. पण पंधरावीस माणसं, त्यात बायका आणि मैदानावर पळणारी पोरंपोरी, मागच्या खुर्च्यांवर वही घेऊन शांत बसली की सभागृहाचा नूर बदलतो. आमच्याकडं त्या दिवशी विषय पुकारला तेव्हा एका नगरसेविकेनं मागं वळून बघितलं, तिच्याच वॉर्डातल्या चार मुली पोलीस भरतीच्या तयारीच्या, ट्रॅकसूटमध्येच आल्या होत्या. ती उठून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, हा विषय तहकूब ठेवावा, जागेची पाहणी करून मग बघू." एवढंच. पण त्या तहकुबीनं आम्हाला दोन महिने मिळाले, आणि आम्हाला तेच पाहिजे होतं.

या मुलींचं थोडं सांगतो कारण हाच आमचा सगळ्यात मोठा मुद्दा होता. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्या मैदानाला चुन्यानं आखलेली वाट आहे, बरोबर चार फेऱ्यांत १६०० होतात. पहाटे पाचला तिथं चाळीसएक पोरं असतात, गोळा सगळ्यांत मिळून एकच, पाळीपाळीनं टाकतात. हे मैदान गेलं तर ती पोरं हायवेच्या कडेनं पळणार, ट्रकच्या लाईटमध्ये. निवेदनात आम्ही "मोकळ्या हवेची गरज" वगैरे काही लिहिलं नाही. सात दिवस पहाटे आणि संध्याकाळी वहीत मोजणी केली, किती माणसं आली, त्यात पळणारी किती, चालणारे म्हातारे किती, क्रिकेटवाले किती, शाळेची मुलं किती, आणि तीच पानं झेरॉक्स करून जोडली. तुम्हीपण असंच करा, आकडे तुमच्या मैदानाचे खरे हवेत, वाढवून लिहू नका, पाहणीला कोण कधी येईल सांगता येत नाही.

नगरसेवकाकडं जाताना घोळका करून जाऊ नका. दोघं-तिघं जा, घरी जा, एक त्यांच्या वॉर्डातला असू द्या, आणि नुसतं "विरोध करा" म्हणून थांबू नका. पर्याय घेऊन जा. आमच्या वेळी नगरपरिषदेला पाण्याच्या टाकीसाठी जागा हवी होती, ती गरज खरी होती, टाकी गावालाच लागणार होती. आम्ही सर्व्हे करून दुसरी सरकारी जागा दाखवली, चढावर होती म्हणजे पाण्याला प्रेशरपण बरा मिळणार होता. विरोध करणाऱ्यांनी एवढा होमवर्क केलाय म्हटल्यावर इंजिनिअर साहेबांचं बोलणंच बदललं. बरेच नगरसेवक नवीन आहेत हेही लक्षात घ्या, कित्येक ठिकाणी काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, त्यामुळं त्यांनापण डीपी आणि कलमं नीट माहीत असतीलच असं नाही. समजावून सांगितलं तर ऐकतात.

कागद मागायचे तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे विसरून लोक चार पानी इतिहास लिहितात आणि अर्ज परत येतो. तुम्ही असं लिहा: "सर्व्हे नं. अमुक, आरक्षण क्र. तमुक या जागेबाबत दि. १ जानेवारी २०१५ पासून आजपर्यंत झालेले सर्व ठराव, सभांची इतिवृत्ते, कलम ३७ व कलम १२७ अन्वये आलेले अर्ज व नोटिसा आणि त्यावरील पत्रव्यवहार यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात." बस, एवढंच. "का केलं", "कोणाच्या सांगण्यावरून केलं" असे प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. तीस दिवसांत माहिती यायला पाहिजे, नाही आली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. आणि कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. "ठेवा इथं, साहेब आले की देतो" म्हणतील. "काही हरकत नाही काका, पोहोच तेवढी द्या" एवढंच म्हणायचं आणि उभं राहायचं. पुढं सुनावणीत हाच शिक्का कामाला येतो.

आता कलमांचं. १९६६ चा नगररचना कायदा आहे, सगळे एमआरटीपी म्हणतात. आरक्षण उठवायचे त्यात प्रामुख्यानं दोन दरवाजे आहेत आणि दोन्हींकडं लक्ष पाहिजे.

एक कलम ३७. मंजूर डीपीत किरकोळ फेरबदल. नगरपरिषद ठराव करते, मग राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते, आणि त्या तारखेपासून एक महिना हरकती-सूचना द्यायला असतो. पेपरची नोटीस आतल्या पानावर बारीक अक्षरात असते, म्हणून ठराव झाल्याचं कळलं की रोज पेपर बघायची ड्युटी लावून घ्या. हरकत प्रत्येकानं वेगळी द्या, शंभर सह्यांचं एक निवेदन देण्यापेक्षा शंभर स्वतंत्र हरकती कधीही चांगल्या, कारण एका निवेदनाची नोंद एकच होते. त्यात तुम्ही कुठं राहता, मैदान कसं वापरता, जवळ दुसरं मैदान किती लांब आहे हे लिहा आणि शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य न चुकता टाका. मग प्रस्ताव सरकारकडं जातो, शेवटची मंजुरी सरकारची, त्यामुळं नगररचना कार्यालयालापण प्रत द्या.

सुनावणीत एक निकाल जरूर सांगा. बंगळुरूला एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमसाठी एका ट्रस्टला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वाटप चुकीचं ठरवलं, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा म्हणून तो खटला ओळखतात. दवाखानासुद्धा चांगलंच काम आहे, पण त्यासाठी लोकांची बाग घेता येत नाही आणि आजूबाजूच्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागता येते, हे त्यात स्पष्ट आलंय. आमच्या वकिलांनी त्याच्या प्रती करून सगळ्यांना वाटल्या होत्या.

दुसरा दरवाजा कलम १२७, आणि छोट्या गावात मैदानं जास्त याच दरवाजानं जातात असं माझं मत आहे. जागा खाजगी, आरक्षण नगरपरिषदेचं, पण डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली तरी नगरपरिषदेनं जागा घेतलीच नाही. मग मालक नोटीस देऊ शकतो की घ्या नाहीतर सोडा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या नोटिशीपासून २४ महिन्यांत जागा संपादन केली नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप संपतं. नुसतं जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००७ च्या गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. आणि होतं नेमकं हेच. नोटीस टपालात येते, बारनिशीत, म्हणजे आवक रजिस्टरात, नोंद होते, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि दोन वर्षं निघून जातात. म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारत राहा, गावातल्या क्रीडांगण आणि बगीचाच्या आरक्षणांवर कलम १२७ च्या नोटिसा आल्यात का, आल्या असतील तर तारखा द्या. तारीख कळली की २४ महिने कॅलेंडरवर मांडा.

इथं मालकाबद्दल एक सांगायचंय, मनापासून. त्याला शत्रू समजू नका. ज्याच्या दीड एकरावर वीस वर्षं हिरवा रंग मारून ठेवलाय, त्याला ना बांधता येतं ना नीट भावात विकता येतं, पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण सगळं अडून बसलंय, त्याची नोटीस चुकीची नाही. आमच्याकडच्या मालकांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या आई म्हणाल्या, "पोरं खेळतात तर खेळू द्या, पर आमचं पैसं कोन देनार?" बरोबर होतं त्यांचं. भांडायचं ते नगरपरिषदेशी, की पैसे द्या. मोबदला रोख देता येतो, टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (जादा बांधकामाच्या परवानगीच्या) रूपात देता येतो, नाहीतर भूसंपादनाचा प्रस्ताव करता येतो, कलम १२६ मध्ये हे तिन्ही रस्ते आहेत. छोट्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक मिळत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून बजेटमध्ये भूसंपादनाच्या लेखाशीर्षाखाली तरतूद करून घेणं महत्त्वाचं. बजेटची सभा साधारण फेब्रुवारीत असते, तुमचं पत्र डिसेंबरमध्येच गेलं पाहिजे, जानेवारीअखेर गेलात तर सगळं ठरलेलं असतं.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या मालकीचं मैदान असेल तर धोका भाडेपट्ट्याचा. कोणत्या तरी संस्थेला, क्लबला, प्रदर्शनवाल्याला द्यायचं आणि मग ते कायमचंच होऊन बसतं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतच भाड्यानं देऊ शकते आणि त्यावर पक्कं बांधकाम करता येत नाही. ठरावात मुदत किती लिहिलीय ते बघा. आणि ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करा, त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. हा अर्ज लोकशाही दिनाला नुसता दिला तर तक्रारींच्या ढिगात जातो. नगरपालिका प्रशासन शाखेत वेगळा द्या, ठरावाची प्रमाणित प्रत जोडून.

राहिली लेआऊटची ओपन स्पेस. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सोडलेली असते, नकाशावर हिरवी दाखवलेली असते, पण सातबारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. वीस वर्षांनी वारस येतात आणि विकून मोकळे होतात, घेणाऱ्यालाही कधीकधी खरंच माहीत नसतं. त्यामुळं तुमच्या कॉलनीचा मंजूर लेआऊट नकाशा आजच काढा, ओपन स्पेसचा सातबारा बघा, आणि नाव चुकीचं असेल तर नगरपरिषदेला पत्र देऊन फेरफार करायला लावा. कोणी तिथं आधी मंदिराचा ओटा, मग पत्र्याची शेड असं सुरू केलं तर पहिल्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या, मूर्ती बसल्यावर कोणीच हात लावत नाही आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कायमचं वाईट होतं.

हे सगळं करूनही एक काम राहतंच, मोजणी. मैदानाच्या कडेनं टपऱ्या, मग गोठा, मग कोणाचं तरी कंपाउंड दोन-दोन फूट आत सरकत येतं. हद्द कायम मोजणीचा अर्ज नगरपरिषदेनंच भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो, तेवढा एक ठराव करून घ्या, याला सहसा कोणी विरोध करत नाही. आमच्याकडं मोजणीवाले मशीन घेऊन आले तेव्हा पहाटेची सगळी पोरं थांबून राहिली होती, चुना त्यांनीच टाकला, हद्दीचे दगडपण त्यांनीच रोवले. पूर्वेच्या बाजूला साडेचार गुंठे आत आलेले निघाले, त्याची नोटीस आता गेलीय, पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे आणि आम्ही जाणार आहोत.